समाज भवनाचा पहिला पैसा छतावर लावा

ज्यांच्या ले-आउटमध्ये यंदा समाज भवन मंजूर झालं आहे, त्यांनी ही पोस्ट जरा वेळ काढून वाचावी. ज्यांच्या घराचं काम दिवाळीनंतर निघणार आहे, त्यांनीही. मी आर्किटेक्ट आहे. टॉवर, मॉल यांच्या वाटेला गेले नाही. जुनी घरं नीट करून देणं आणि अधूनमधून एखाद्या मंडळाचं सभागृह, हेच माझं काम आहे आणि ते मला मनापासून आवडतं. म्हणूनच जे बघते आहे ते बोलल्याशिवाय राहवत नाही. आपण सगळा पैसा इमारतीच्या तोंडावर लावतो आणि डोकं उन्हात सोडून देतो.

पूर्व नागपुरातलं एक समाज भवन सांगते. ले-आउटचं नाव सांगत नाही, कारण अशी भवनं प्रत्येक प्रभागात सापडतील. समोरून बघाल तर झकास. चकचकीत एसीपीची (अॅल्युमिनियमच्या पत्र्याची) पाटी, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, स्टीलचं रेलिंग, उद्घाटनाची संगमरवरी शिळा. आत साठ बाय तीसचा एक हॉल. वर उघडी स्लॅब, तिच्यावर ना कोबा ना चुना. पश्चिमेला दोन मोठी रोलिंग शटर, कारण रस्ता त्या बाजूला आहे. तिथे बायकांचा शिवणवर्ग चालायचा. एप्रिलच्या मध्यापासून दुपारी दीडनंतर मशीनच्या लोखंडाला हात लागला की चटका बसायचा. वर्ग बंद पडला. पंखे सहा होते, पण तापलेल्या स्लॅबखाली पंखा काय करणार? वरची गरम हवाच तो खाली ढकलतो.

हे असं का होतं ते समजून घेणं अवघड नाही. नागपूर २१ अक्षांशाच्या जरासं वर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, इतका की सरळ उभ्या खांबाची सावली क्षणभर दिसेनाशी होते. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन झेलतं ते छत. त्या खालोखाल पूर्व आणि पश्चिमेच्या भिंती. दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात फारसं ऊन लागत नाही, आणि जे लागतं ते दीड-दोन फुटांच्या छज्जानं अडतं. पश्चिमेचं तसं नाही. तीन वाजल्यानंतर सूर्य खाली उतरतो आणि ऊन छज्जाच्या खालून सरळ आत घुसतं. तिथे छज्जा कितीही लांब काढा, उपयोग नाही. तिथे व्हरांडा हवा, उभ्या पट्ट्या हव्यात, सिमेंटची जाळी हवी, नाहीतर कडुनिंबाचं झाड हवं. आणि काँक्रीटची स्लॅब दुपारभर उष्णता पीत राहते आणि काही तासांनी ती खाली सोडू लागते. म्हणून संध्याकाळी सातला बाहेर थोडं बरं वाटतं आणि आत भट्टी असते. २३ मे २०१३ ला आपल्या शहरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. अशा गावात छताचा विचार सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर करायचा, हे मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही.

उपाय महाग नाहीत. स्लॅबवर नीट उतार देऊन विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक. आपले जुने मिस्त्री हे डोळे मिटून करायचे. पाणीही गळत नाही आणि ऊनही परततं. तेवढे पैसे नसतील तर दर वर्षी मार्चमध्ये चुन्याचे दोन हात. नुसत्या पांढऱ्या रंगानं खोलीत फरक पडतो, तो हात वर करून छताला लावला की कळतो. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये कूल रूफचं, म्हणजे ऊन परतवणाऱ्या छताचं धोरणच आणलं आणि सरकारी इमारतींना ते सक्तीचं केलं. त्यांचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा काही वेगळा नाही. आपल्याकडच्या प्रत्येक समाज भवनाच्या एस्टिमेटमध्ये ही एक ओळ का असू नये?

मला वाटतं, कारण एस्टिमेट करताना त्या हॉलमध्ये कोण बसणार हे कुणी विचारतच नाही. समाज भवन कशासाठी असतं? साक्षगंध, बारसं, तेरवी, हळदीकुंकू, भागवत सप्ताह, आधार कार्डाचं शिबिर, पोलिओचे डोस, निवडणुकीत मतदान केंद्र. यातली निम्मी कामं म्हाताऱ्या माणसांची, बायकांची आणि लहान लेकरांची. बहुतेक दिवसा होणारी. आणि ज्यांच्याकडे घरी एसी नाही, कुणाकडे तर टिनाचं छप्पर आहे, त्यांना मे महिन्यात दुपारी चार तास टेकायला वस्तीत एक थंड जागा हवी की नको? चौकाचौकात सिग्नलवर आपण हिरव्या जाळ्या बांधतो, प्याऊ लावतो, चांगलंच आहे. पण तीच सावली कायमची देऊ शकणारी पक्की इमारत गल्लीत उभी असते आणि ती दुपारी कुलूपबंद असते.

त्याच भवनातला रॅम्प बघा. जोतं दोन फुटांचं. नियमाप्रमाणे एकास बारा उतार, म्हणजे दोन फूट चढायला चोवीस फूट लांबीचा रॅम्प लागतो. बांधला आहे सहा फुटांचा. त्यावरून व्हीलचेअर चढत नाही, ढकलणारा माणूस मागे घसरतो. त्याचा वापर स्वयंपाकाचे मोठे गंज आणि सिलिंडर चढवायला होतो. रॅम्प ‘दिला’ अशी नोंद मात्र कागदावर आहे. चोवीस फूट जागा नसेल तर रॅम्प मधे वळवून आणता येतो, नाहीतर सुरुवातीलाच जोतं कमी ठेवून आजूबाजूच्या पाण्याला वाट करून देता येते. हे नकाशावर अर्ध्या तासाचं काम आहे. बांधून झाल्यावर ते होत नाही.

स्वयंपाकाची खोली अशी की तिला एकच खिडकी आणि तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. आचारी आत टिकत नाहीत. बाहेर मांडव टाकून भट्टी लावतात आणि तेलाचा सगळा धूर हॉलमध्ये येतो. संडास दोन आहेत, त्यांतल्या बायकांच्या संडासाला कायम कुलूप, कारण पाण्याची टाकी छोटी आहे आणि साफ कोण करणार हे ठरलेलं नाही. निधी बांधायला मिळतो, चालवायला मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मग इमारत अशीच हवी ना, जी कमी खर्चात चालेल? भिंतींना पुट्टी आणि वॉलपेपर कशाला? निदान खालचे चार फूट कोटा फरशी किंवा साध्या टाइल्स लावा, फडक्यानं पुसता येतील. उजेड वरून घ्या, उंचावर रोशनदानं ठेवा, म्हणजे दिवसा लाइट लावावा लागणार नाही आणि गरम हवेला वर निघायला वाट मिळेल.

वापरणाऱ्या माणसांना न विचारता बांधलं की काय होतं, हे आपल्या शहरानं मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगचं काम सुरू झालं, तेव्हा तिथे दर वर्षी येणाऱ्या लोकांच्या मनात स्तूपाच्या सुरक्षेबद्दल धास्ती होती. १ जुलै २०२४ ला हजारो लोक जमले, आंदोलन पेटलं आणि त्याच दिवशी सरकारला कामाला स्थगिती जाहीर करावी लागली. १४ ऑक्टोबर १९५६ पासून ज्या जमिनीशी लाखो लोकांचं नातं आहे, तिथे खड्डा खणण्याआधी त्या लोकांसमोर नकाशा पसरायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. गल्लीतलं समाज भवन लहान असेल, पण तत्त्व तेच. नकाशा आधी लोकांसमोर, कुदळ नंतर.

आता घरांकडे येते, कारण इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त प्रश्न घरांचेच असतात.

सत्तर-ऐंशीच्या दशकात नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) ले-आउटमध्ये दीड हजार फुटांच्या प्लॉटवर बांधलेली घरं आता दुरुस्तीला आली आहेत. नंदनवन, त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, कुठेही जा. पुढे छपरी (उघडा व्हरांडा), मग बैठक, मागे सैपाकघर, न्हाणी, थोडी मोकळी जागा, एखादं पेरूचं झाड. मुलं कमावती झाली की पहिली मागणी येते ती म्हणजे छपरी काचेनं बंद करून बैठक मोठी करा. मी दर वेळी थांबवते. छपरी म्हणजे रिकामी जागा नव्हे. ती बैठकीच्या भिंतीवर पडणारं ऊन स्वतः झेलते. तिला काच लावली की ऊन आत येतं, उष्णता अडकते आणि पाठोपाठ दीड टनाचा एसी येतो. मग दर महिन्याचं बिल.

नंदनवनच्या एका काकूंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, “मॅडम, बाकी काही नका करू. मला उन्हाळ्यात सैपाकघरात उभं राहता आलं पाहिजे, बस.” मुलाला मॉड्युलर किचन हवं होतं, ट्रॉल्या, चिमणी, सगळं. सैपाकघर पश्चिमेला, ओटा नेमका पश्चिमेच्या भिंतीला. आम्ही ओटा उत्तरेच्या भिंतीला फिरवला, पश्चिमेला भिंतीबाहेर तीन फुटांवर सिमेंटच्या जाळीची दुसरी भिंत उभी केली, मधल्या जागेत भांडी घासायची मोरी आणि कपड्यांची दोरी आली. छताखाली दोन रोशनदानं पाडली. ट्रॉल्यांचे पैसे उरले नाहीत, साधे फळ्यांचे कप्पे केले. पुढच्या मे महिन्यात काकूंचा फोन आला, दुपारी पापड लाटत होत्या आणि दोन शेजारणीही येऊन बसल्या होत्या.

कूलरबद्दल तर आर्किटेक्ट लोकांनी नागपूरकरांची माफी मागायला हवी. ज्या शहरात घरोघरी मार्चमध्ये कूलर काढून वाळ्याच्या ताट्या बदलतात, तिथे एकाही नकाशावर कूलरची जागा दाखवलेली नसते. मग खिडकीचं ग्रिल कापा, बाहेर डगमगता स्टँड, नळापासून ओढलेली पाइप, भिंतीवर ओल. कूलरला तीन गोष्टी लागतात. बाहेरून कोरडी हवा, पाण्याचा नळ आणि निचरा, आणि खोलीत आलेली दमट हवा बाहेर जायला समोरची खिडकी. ही समोरची खिडकी लोक बंद ठेवतात आणि म्हणतात कूलर चिकचिक करतो. नवीन खिडकी करत असाल तर कूलरच्या मापाची करा, बाहेर पक्का काँक्रीटचा ओटा द्या, नळ तिथेच द्या. आणि अर्थिंग. लोखंडी कूलरचा शॉक लागून कुणीतरी गेल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात येते. टाइल्सच्या डिझाइनवर चार रविवार जातात आणि अर्थिंगवर चार मिनिटंही जात नाहीत, याचा मला खरंच त्रास होतो.

सिमेंटच्या रस्त्यांनी आणखी एक दुखणं दिलं आहे. रस्ता वर, घर खाली. पहिल्याच जोराच्या पावसात पाणी अंगणातून बैठकीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरलं, त्यानंतर तर लोक धसका घेऊन घराची फरशी दोन-दोन फूट उचलतायत. मी समजू शकते. पण दहा फुटांच्या खोलीत दोन फूट भर टाकली की छत आठ फुटांवर येतं. राहत्या खोलीला नऊ फूट, म्हणजे २.७५ मीटर उंची लागतेच. आठ फुटांवर आलेली तापलेली स्लॅब म्हणजे उन्हाळाभर शिक्षा. त्याआधी फाटकाजवळ उंबरठा उचलून बघा, अंगणाचा उतार बाजूच्या नालीकडे वळवा, घराभोवती तीन फुटांची उताराची पक्की पट्टी करून घ्या. ही पट्टी आपल्याकडे दुहेरी कामाची आहे. जिथे काळी माती आहे तिथे पायाशी पाणी मुरलं की माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. त्या भेगेत दर दिवाळीला पुट्टी भरून काही होत नाही. पायाशी पाणी जाणं बंद झालं पाहिजे.

महालातल्या जुन्या वाड्यांबद्दल स्वतंत्र लिहीन, तो विषय मोठा आहे. एवढंच सांगते की चौक झाकू नका. वर फायबरचं छप्पर टाकलेला चौक हा चौक राहत नाही, घराची गरम हवा निघायची वाटच बंद होते. कवेलू (कौलं) काढून टिन टाकताय तर निदान खाली बांबूची चटई किंवा फळ्यांचं छत द्या.

आणि समाज भवनवाल्यांना एक विनंती. एस्टिमेट मंजुरीला जाण्याआधी नकाशा मला इनबॉक्स करा, उत्तर दिशा कुठे आहे ते लिहून. मी बघून देईन, याचे पैसे घेणार नाही. रविवारी सकाळी जागेवरही येते. फक्त त्या बैठकीला मंडळाच्या पदाधिकाऱ्यांसोबत बचत गटाच्या बायका, एखादा आचारी आणि तो हॉल रोज झाडणार त्या मावशी, एवढे लोक हजर ठेवा.