धिंड काढून नशा सुटत नाही

आमच्या पेठेतल्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून मला अजून कुणी काढलेलं नाही, त्यामुळे ग्लासगोत बसून कोल्हापूरची सगळी भांडणं वेळेवर कळतात. सध्या विषय इंजेक्शनचा. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली पट्ट्यात मेफेंटरमाइनच्या कुप्या पकडल्याची बातमी आली, की खाली ठरलेला सूर लागतो: घेणाऱ्या पोरांची धिंड काढा, टक्कल करा, व्हिडिओ टाका.

हे औषध खरं तर ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब खाली गेला की तो वर आणायला देतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. जिममधली पोरं ते दम वाढावा म्हणून टोचून घेतात. कुळ अँफेटामाइन या उत्तेजक नशेचं, त्यामुळे छाती धडधडते, झोप उडते आणि हळूहळू त्याच्याशिवाय हात उचलत नाही. म्हणजे हा पोरगा गल्लीतला वाया गेलेला नव्हे, पहाटे व्यायामाला जाणारा, आईनं खुराक बांधून दिलेला आहे. त्याची धिंड काढली तर दुसरा पोरगा सावध होईल, हे मान्य. पण सावध होईल तो लपवायला.

विकणाऱ्याबद्दल मला काही दयामाया नाही. 2021 साली चंदगड तालुक्यात ढोलगरवाडीला एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचा, कारखाना सापडला होता, तसल्या धंद्याला पोलिसच हवेत. अडकलेल्याचं काय करायचं, हा हिशेब वेगळा.

मी राहतो तो देश या बाबतीत कुणाला शिकवायच्या लायकीचा नाही, हेही सांगून टाकतो. जेमतेम 55 लाख वस्तीच्या स्कॉटलंडमध्ये 2020 या एका वर्षात ड्रग्जनं 1,339 माणसं गेली. पश्चिम युरोपात इतकी वाईट अवस्था दुसरीकडे नव्हती. एवढे मुडदे पडल्यावर यांचे डोळे उघडले. आता पोलिसांच्या खिशात नाकात मारायचा नॅलॉक्सोनचा स्प्रे असतो, जास्त डोस झालेल्याचा श्वास परत आणणारा. जानेवारी 2025 मध्ये ग्लासगोत ‘द थिसल’ नावाचं केंद्र उघडलं. तिथे नर्सच्या देखरेखीखाली स्वतः आणलेलं ड्रग टोचून घेता येतं, म्हणजे निदान जीव जात नाही. आजूबाजूचे रहिवासी त्यावर वैतागलेले आहेत, आणि त्यांचा राग मला समजतो.

हे उचलून दसरा चौकात आणा, असं मी म्हणत नाही. नॅलॉक्सोन चालतं ते अफूच्या जातीच्या नशेवर. आपल्याकडे मोठं दुखणं दारूचं आणि माव्याचं, तिथे त्याचा उपयोग शून्य. स्कॉटलंडमध्ये 2018 पासून दारूला किमान भाव ठरवून दिलाय, आणि दारूनं होणारे मृत्यू त्यामुळे कमी झाल्याचं त्यांच्या आरोग्य खात्याचं मूल्यमापन सांगतं. आपल्याकडे असा भाव लावला तर आंबोली आणि गगनबावड्याच्या वाटेनं गोवा बनावटीचे खोके आणखी जोरात येतील.

मला घ्यावीशी वाटते ती इथल्या औषधाच्या दुकानातली एक साधी गोष्ट. मी बीपीच्या गोळ्या घ्यायला रांगेत उभा असतो, त्याच रांगेत पुढे हेरॉइन सोडू पाहणारा माणूस त्याऐवजी देतात त्या मेथाडोन या औषधाचा डोस घ्यायला उभा असतो. फार्मासिस्ट त्याला नावानं हाक मारते, तो समोरच औषध पितो आणि जातो. त्यालाही संकोच वाटत असेलच. पण त्याचा आजार माझ्या आजाराच्या शेजारी उभा असतो.

आपल्याकडे ही रांगच नाही. एम्सनं केलेल्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकाला काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले 37 घरात. त्यांचं व्यवस्थापन बायको करते: पगार लपवते, कामावर ‘ताप आलाय’ असा फोन करते. तिच्या हातात सरकारनं एक हत्यार दिलंय, दारूचं दुकान बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान. एक चतुर्थांश महिला मतदारांच्या सह्या गोळा झाल्या की मतदान घेता येतं. या बायकांच्या जिद्दीला माझा सलाम आहे. फक्त, दुकान बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं काय होतं, हे कुणी बघत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ला दारूबंदी आली, 2021 ला उठली. मधल्या काळात चर्चा झाली ती अवैध दारूची आणि बुडालेल्या महसुलाची.

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हात कापतात, घाम फुटतो, एखाद्याला पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागतात, माणूस बडबडतो. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि देवऋष्याकडे नेतात. खरं तर त्याला दवाखान्यात न्यायचं असतं, कारण यात माणूस दगावू शकतो. म्हणून आदमापूरला बाळूमामांसमोर शपथ घ्या, वारकऱ्याची माळ घाला, जरूर घाला. माळेनं सुटलेली माणसं मी पाहिलीत, कारण माळ घातल्यावर चार माळकरी सोबतीला येतात. पण आधी आठवडाभर डॉक्टर.

आणि परदेशातले आपण फार पुढारलेले, असा कुणाचा समज असेल तर तो सोडा. इथल्या मराठी घरांत शनिवारी तांबडा-पांढरा आणि सिंगल माल्ट असते. एखाद्याची बाटली शुक्रवारऐवजी मंगळवारी उघडायला लागली, की बोलावणी कमी होतात, बोलत कुणी नाही. डॉक्टर फुकट, उपचार फुकट, तरी आपला माणूस जात नाही, कारण मंडळात कळलं तर पोरीच्या लग्नाचं काय! पेठेतली लाज आम्ही विमानातून जशीच्या तशी आणली आहे.

तर ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: आपल्या तालमीची वरची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या, बैठकीला द्या. तासभर खुर्च्या आणि चहा लागतो, फी नसते, नाव-गाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी वेगळी बैठक ठेवा. दारावर सरकारी हेल्पलाइनचा 14446 हा नंबर रंगवा. पहिले काही आठवडे कुणी येणार नाही. मग जो येईल तो दुसऱ्या पेठेतला असेल, कारण आपल्या पेठेत त्याला ओळखतात. तेव्हा त्या पेठेच्या तालमीलाही एक खोली द्यायला सांगा, म्हणजे आपली पोरं तिकडे जातील.