लाउड्रुपला फुसका मॅनेजर म्हणणाऱ्यांसाठी

डेन्मार्कचा जुना फुटबॉलपटू मायकेल लाउड्रुप याचा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य येतंच: खेळाडू म्हणून थोर, मॅनेजर म्हणून फुसका. पहिल्या अर्ध्याबद्दल वादच नाही. दुसऱ्याबद्दल मला भांडायचंय.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८६ चा मेक्सिको वर्ल्डकप दूरदर्शनवर आला आणि आपल्याकडे सगळं मॅराडोनामय होऊन गेलं. त्याच स्पर्धेत डेन्मार्कने उरुग्वेला ६-१ असं धुतलं होतं. एल्कियरचे तीन गोल होते, आणि एक एकवीस वर्षांच्या लाउड्रुपचा, बचावफळीतून वाट काढत, गोलकीपरलाही चकवून. (पुढच्याच फेरीत स्पेनने डेन्मार्कची ५-१ अशी वाट लावली, ते सोडा.) मग प्रशिक्षक क्रायफच्या बार्सिलोनात स्पेनच्या सलग चार लीग आणि १९९२ चा युरोपियन कप. नजर डावीकडे, पास उजवीकडे. डिफेंडर बिचारा नजरेच्या मागे जायचा.

आता त्याचा स्वभाव बघा. १९९० मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक रिचर्ड म्योलर निल्सनशी पटेना. त्यांचा बचावात्मक खेळ याला मान्य नव्हता. पठ्ठ्याने डेन्मार्ककडून खेळणंच बंद केलं. धाकटा भाऊ ब्रायनही बाहेर पडला होता, पण तो वेळेत परतला. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियाच्या जागी ऐनवेळी बोलावलेला डेन्मार्क युरो जिंकला, तेव्हा मायकेल संघात नव्हता. १९९४ ला अथेन्सच्या युरोपियन फायनलमध्ये क्रायफने त्याला बाहेर बसवलं, कारण तेव्हा तीनच परदेशी खेळाडू चालायचे. मिलानने बार्साचा ४-० असा फडशा पाडला. उन्हाळ्यात लाउड्रुप सरळ रेआल माद्रिदला गेला. जानेवारी १९९४ मध्ये बार्साने रेआलला ५-० हरवलं तेव्हा तो बार्सात होता. वर्षभराने रेआलने तोच हिशेब ५-० ने चुकता केला, तेव्हा तो रेआलमध्ये! त्या मोसमात लीगही रेआलनेच जिंकली.

म्हणजे पटलं नाही की हा माणूस आदळआपट करत नाही, निघून जातो. खेळाडू असताना याला आपण स्वाभिमान म्हणालो. मॅनेजर झाल्यावर तेच केलं, तर म्हणे कच खाल्ली.

मॅनेजर म्हणून केलंय काय त्याने? डेन्मार्कच्या ब्रॉनबी क्लबला २००५ मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकून दिले. मग २००७ ला गेटाफे. माद्रिदच्या दक्षिणेला चिकटलेलं गाव, क्लब ला लिगात, म्हणजे स्पेनच्या वरच्या लीगमध्ये, पहिल्यांदा आला २००४ मध्ये. पाया आधीचा मॅनेजर शुस्टरने घातला होता, हे मान्य. पण युएफा कपच्या क्वार्टर फायनलला बायर्न म्युनिकला त्यांच्या घरी १-१ रोखणं ही गंमत नव्हे.

परतीचा सामना, १० एप्रिल २००८. सहाव्या मिनिटाला दे ला रेडला रेड कार्ड. जवळजवळ अख्खा सामना दहा जणांनी काढायचा, समोर कान, रिबेरी, टोनी. कोणताही शहाणा मॅनेजर इथे गोलसमोर बस उभी करतो, म्हणजे सगळ्यांना बचावाला लावतो. गेटाफे खेळत राहिलं. हाफटाइमच्या तोंडावर कोंत्राने गोल मारला. ८९ व्या मिनिटाला रिबेरीने बरोबरी केली, दुसरी टीम असती तर तिथेच गळाठली असती. एक्स्ट्रा टाइमच्या पहिल्या तीन मिनिटांत यांनी दोन गोल ठोकले. ३-१, दहा जणांत! मग ११५ व्या मिनिटाला गोलकीपर अबोंदान्सिएरीच्या हातून बॉल निसटला, टोनीने साधला. १२० व्या मिनिटाला टोनीचंच डोकं. ३-३, दोन सामने मिळून ४-४, आणि बाहेरच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, या तेव्हाच्या नियमाने गेटाफे बाहेर. सहा दिवसांनी कोपा देल रे या स्पॅनिश कपची फायनलही व्हॅलेन्सियाकडून ३-१ हरले. ट्रॉफींच्या रकान्यात त्या मोसमापुढे शून्य आहे, म्हणून तो फुसका?

बरं, ट्रॉफीच हवी असेल तर इंग्लिश लीगमध्ये खेळणारा वेल्सचा क्लब स्वान्सी घ्या. रायो वायेकानोकडून वीस लाख पौंडांच्या आसपास आणलेल्या मिचूने पहिल्याच मोसमात २२ गोल केले. २०१३ च्या लीग कपमध्ये चेल्सीला सेमीफायनलला काढलं (अझारने बॉलबॉयला लाथ मारली तोच सामना) आणि फायनलला ब्रॅडफर्डला ५-०. शंभर वर्षं पूर्ण केलेल्या क्लबची ही पहिली मोठी ट्रॉफी. पुढच्या मोसमात व्हॅलेन्सियाला त्यांच्या मैदानावर ३-० हरवलं. आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये हातात नारळ.

मॉस्कोत स्पार्ताकनेही काही महिन्यांत घालवलं होतं. स्पेनच्या मायोर्का क्लबात त्याच्या सहाय्यकाने क्लबच्या बड्या धेंडावर जाहीर टीका केली, सहाय्यकाला काढलं, तर हा स्वतःही राजीनामा देऊन मोकळा झाला. इथे मात्र टीकाकारांना थोडं मानावं लागतं. मॅनेजरला ऑफिसातल्या लोकांशी जुळवून घ्यावं लागतं, एजंट, मालक, संचालक सगळ्यांचे रुसवेफुगवे काढावे लागतात. ते त्याला जमलं नाही, किंवा त्याने जमवून घेतलं नाही. त्याची कमतरता ती. पण फुटबॉल कळण्यात तो कुठे कमी पडला, हे मला कुणीतरी दाखवा.

पुढे तो कतारला गेला, तिथल्या लेखविया क्लबाबरोबर लीग जिंकला. डेन्मार्कचा मुख्य प्रशिक्षक मात्र कधीच झाला नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथे प्रशिक्षक मॉर्टन ओल्सनचा सहाय्यक म्हणून दोन वर्षं होता, तेवढंच.

कमेंटमध्ये ट्रॉफ्या मोजायला येणाऱ्यांनी आधी गेटाफे-बायर्न पूर्ण बघावी, मग यावं.