पिवळा तांबेरा जून होऊन काळा होत नाही

‘गव्हावरचा पिवळा तांबेरा म्हणजे कोवळा आणि काळा म्हणजे जून, रोग एकच, तेव्हा काळा पडेपर्यंत फवारणीची घाई नको,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. माझ्या धाकट्या भावाने त्यावर विसंबून फवारणी पुढे ढकलली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पिवळा तांबेरा पुक्सिनिया स्ट्रायफॉर्मिस या बुरशीमुळे होतो आणि काळा पुक्सिनिया ग्रॅमिनिसमुळे. पुक्सिनिया ही प्रजाती एक असली तरी तिच्यातल्या या जाती दोन वेगळ्या आहेत. पिवळ्याच्या बारीक पुटकुळ्या वाढलेल्या गव्हाच्या पानावर शिरांच्या दिशेने, शिवणीच्या टाक्यांसारख्या ओळीने येतात आणि बोटाला हळदीसारखी भुकटी लागते. काळ्याच्या पुटकुळ्या लांबट, विटकरी आणि मुख्यतः खोडावर असतात. त्यांनी साल फाटते, त्यामुळे खोड हाताला खरखरीत लागते.

संदेशात अर्धे सत्य आहे, ते नाकारत नाही. हंगामाच्या अखेरीस दोन्ही बुरशा काळपट बीजाणू (बुरशीचे बीजासारखे सूक्ष्म कण) तयार करतात, त्यामुळे पिवळ्या पट्ट्यांच्या जागी काळसर रेघा कोणी पाहिल्या असतील तर ते पाहणे खोटे नाही. मात्र त्या रेघा पिवळ्याच्याच असतात, आणि त्या उमटेपर्यंत दाणा भरण्यासाठी जे पान हिरवे राहायला हवे होते तेच वाळत आलेले असते. मग कितीही बुरशीनाशक फवारले तरी ते पान परत येत नाही. शिवाय या काळपट बीजाणूंपासून गव्हाला थेट लागण होतच नाही. गव्हावरून गव्हावर रोग नेते ती पिवळी भुकटीच, आणि थंड, दमट हवेत लागण झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांत ती पुन्हा उधळू लागते. म्हणजे ज्या टप्प्यावर धावायला हवे, नेमक्या त्याच टप्प्यावर हा संदेश थांबायला सांगतो.

एका तांबेऱ्याला दाद न देणारे वाण दुसऱ्यालाही देत नाही, हेही सरसकट खरे नाही. दोहोंना थोडाफार अटकाव करणारी जनुके मोजकी आहेत.

राहिला ‘बार्बेरी (एक काटेरी झुडूप) तोडा, दोन्ही संपतील’ हा सल्ला. काळ्याचे बार्बेरीशी नाते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी १८६५ मध्ये सिद्ध केले; पिवळ्याचे मात्र वनस्पतिरोगतज्ज्ञ युए जिन आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या शोधनिबंधातून उघड झाले. ते काळपट बीजाणू रुजल्यावर लागण होते ती बार्बेरीला. पिवळ्या भुकटीला तिची गरज नसते. वारा तिला एका शेतातून दुसऱ्या शेतात नेतो.