बेरीज जुळली, सोयाबीन गेलं

एप्रिलमध्ये हवामान खात्याचा पावसाळ्याचा पहिला अंदाज आला की गावच्या ग्रुपवर टीव्हीची पट्टी फिरायला लागते. ‘बळीराजासाठी खूशखबर!’ मला तेव्हा हटकून २०२३ आठवतं.

त्या वर्षी अंदाज होता देशात सरासरीच्या ९६ टक्क्यांचा. पडला ९४. पाच टक्के इकडेतिकडे होईल हे खात्यानं आधीच सांगितलेलं, म्हणजे कागदावर अंदाज बरोबर. बीड जिल्ह्यातल्या आमच्या अंबाजोगाई तालुक्यात मात्र ऑक्टोबरअखेर दुष्काळ जाहीर झाला.

जुलैत देशात पाऊस सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त. ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी. १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सप्टेंबरनं भर घातली आणि बेरीज जुळली. सोयाबीनला बेरीज कळत नाही. ऑगस्टात ते फुलात असतं, शेंगा धरायच्या बेतात. आमचे अण्णा पावसाची तारीखवार वही ठेवतात, त्या महिन्याच्या पानावर दोन-तीनदा ‘शिंतोडे’ एवढंच लिहिलंय. पुढच्या पावसानं विहिरीला जरा आधार झाला, पण गळालेली फुलं गेली ती गेलीच.

आणखी एक गंमत (गंमतच म्हणायची). हवामान उपविभागात (अख्खा मराठवाडा मिळून एक) १९ टक्क्यांपर्यंतची तूट ‘सामान्य’च धरतात. म्हणून त्या वर्षी मराठवाडा खात्याच्या तक्त्यात ‘सामान्य’, आणि सरकारच्या ४० दुष्काळी तालुक्यांच्या यादीत जालना, बीड, धाराशिवचे तालुके.

२०१७ साली आमच्याच जिल्ह्यातले शेतकरी अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत गेले होते. राग समजतो, पण तक्रार तेव्हाही पटली नव्हती. एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापणं, बघून चार महिन्यांचा अंदाज बांधणं हे खरं शास्त्र आहे. धरणातलं पाणी राखायला, चाऱ्याची तजवीज करायला त्याचा उपयोग होतो. त्यावरून पेरणी ठरवायची नसते. पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस आणि वाफसा (मातीत पेरणीजोगी ओल) लागतो, नाहीतर दुबार पेरणी ठरलेली. माझा राग आहे तो टक्केवारीची खूशखबर करून विकणाऱ्यांवर.

खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचाही अंदाज देतं. पावसाच्या खंडाची चाहूल लागलीच तर त्यात लागते. तोही महसूल मंडळापर्यंत, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटापर्यंत, उतरत नाही, हे दुखणं आहेच. तरी मी तो ग्रुपवर टाकायला लागलोय. परवा टाकला, तर तात्यांचा लगेच फोन. “ते असू दे रे. यंदा टक्के किती, ते सांग की.”