तिसरी पिन तोडा, म्हणे!

परवा उदगीरहून भाच्याचा व्हिडिओ आला. गिटार अ‍ॅम्पला (आवाज मोठा करणाऱ्या पेटीला) जोडलेली, आवाज चढवलेला आणि ती नेहमीची घरघर गायब. खाली लिहिलेलं, "मामा, बघा की, ५० रुपयांत काम!" मी खूश होणार तेवढ्यात मागे पडलेला जुना प्लगटॉप दिसला. जाड पिन पकडीनं मुळापासून तोडलेली.

डोकं त्याचं नाही. 'गिटारची घरघर ५० रुपयांत बंद' असा एक मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवरून आला, त्यातला एक तर भजनी मंडळाचा. उपाय पाच: प्लगची अर्थ पिन तोडा, ब्रिजखालची (गिटारच्या तारा ज्यावर टेकतात त्या धातूच्या पट्टीखालची) वायर कापा, आतून स्वयंपाकघरातली फॉइल चिकटवा, आतली वायर जाड टाका, आणि तरीही राहिलं तर पिकअप (तारांचं कंपन टिपणारी चुंबक-कॉइल) बदला.

पिनेपासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर गिटार बिघडेल. मेसेज म्हणतो, 'लाइनीचा आवाज अर्थमधूनच शिरतो.' एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो: पिन तोडून घरघर कधी कधी खरंच थांबते. अ‍ॅम्प एका खोलीतल्या बोर्डावर, आवाजाचा मिक्सर दुसऱ्या खोलीतल्या, आणि दोन्ही ऑडिओ केबलनं जोडलेले असले की अर्थचं एक कडं तयार होतं आणि त्यातून ५० हर्ट्झचा बारीक करंट फिरतो. पिन गेली की कडं तुटतं. पण मग दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा ना! बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

ती पिन कशाला असते? प्लग हातात घेऊन बघा, बाकी दोघींपेक्षा ती लांब आणि जाड आहे. लावताना आधी तीच टेकते, काढताना शेवटी तीच सुटते. अ‍ॅम्पची पत्र्याची पेटी, केबलची जाळी, गिटारचा ब्रिज आणि सहाही तारा हे विजेच्या हिशोबानं एकच धातू. आत फेजची वायर घासून पेटीला लागली, तर अर्थ असताना फ्यूज उडतो. अर्थ नसताना २३० व्होल्ट तुमच्या बोटांखाली येऊन बसतात, आणि ओठ माइकला टेकलेले असतात.

हे भीती घालायला सांगत नाही. 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी इथं स्टेजवरच शॉक लागून गेला. हातात गिटार, आणि अर्थ नसलेल्या माइकला हात लागला. वय २७. १९७६ मध्ये 'यार्डबर्ड्स' या बँडचा माजी गायक कीथ रेल्फ घरात गिटार वाजवताना शॉकनंच गेला, तिथंही अर्थिंगचाच दोष. यानंतरही कुणी 'काही होत नाही हो' म्हणालं, तर माझ्याकडे बोलायला काही नाही.

ब्रिजखालची वायर. मेसेजचं म्हणणं, 'तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो, म्हणजे करंट तुमच्यात उतरतो.' साफ उलटं! घरातल्या वायरिंगचा गोंगाट तुमचं शरीर अँटेनासारखं गोळा करतं, आणि ती वायर त्याला ग्राउंडला, म्हणजे केबलच्या जाळीमार्फत अर्थला, बांधून ठेवते, म्हणून आवाज कमी होतो. कापली तर घरघर वाढेल. माइकमध्ये करंट असेल तर ग्राउंडला जोडलेल्या तारा धोक्याच्या, हे खरं. पण मग माइक दुरुस्त करा, घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा.

फॉइल अर्धी बरोबर. पण अ‍ॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, आणि ग्राउंडला न जोडलेली फॉइल म्हणजे नुसती सजावट. गोंदातूनही करंट जाईल अशी तांब्याची टेप घ्या, पट्ट्या एकमेकींवर चढवा, मल्टिमीटर 'पीऽ' वाजतोय का बघा. केबल जिथं खोचतो त्या जॅकच्या सिग्नलच्या टोकाला टेकली तर आवाजच बंद. एवढं करूनही सिंगल कॉइलची, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपची, खोल गुणगुण राहतेच, कारण ती चुंबकीय असते. त्यासाठीच गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये दोन उलट्या कॉइलच्या 'हंबकर' पिकअपच्या (गुणगुण मारणाऱ्या) पेटंटसाठी अर्ज केला होता.

जाड वायरीवर शब्द खर्च करणार नाही. पिकअपच्या आतच केसाएवढ्या वायरीचे हजारो वेढे असतात, तिथं तुमच्या वीतभर वायरीला कोण विचारतं? आणि ५० रुपयांत पिकअप कुठं मिळतो, तेही कळवा.

रविवारी उदगीरला गेलो. मेन स्विच पाडून बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकामागं काहीच नाही, हिरवी वायर गुंडाळून टेप मारलेली. म्हणजे पिन तोडण्याआधीही अर्थ नव्हतंच! मग घरघर गेली कशानं? पोरगं म्हणालं, "व्हिडिओत पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद केला होता." पंखा लावला, रेग्युलेटर दोनवर आणला, घरघर हजर.

वायरमन बोलावला, हिरवी वायर जोडली, नवा प्लगटॉप बसवला. जाताना तो म्हणाला, "आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते. मीठ-कोळसा असला तरी अर्थिंगचा खड्डा वाळतो, रोज बादलीभर पाणी ओता."

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "आठ दिवसांनी नळाला पाणी येतंय, अन् खड्ड्यात कुठलं ओतू?"

"कपडे धुतलेलं ओत," मी म्हणालो.