काठ आधी बघ

आज एका केळवणाला गेले होते. लेगॉसहून आणलेला अदिरेचा कुर्ता घातला होता, गडद निळा. एक वहिनी म्हणाल्या, "छान आहे गं, कुठला?" म्हटलं, नायजेरियाचा. तर म्हणतात, "अगबाई, तिथे कपडे घालतात का?" अख्खी पंगत हसली.

मीही हसले. घरी येऊन चार तास झालेत आणि त्या हसण्याचाच राग येतोय, म्हणून हे लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी कुर्त्याबद्दल. नायजेरियातल्या अबेओकुटा शहरातल्या बायका कापडावर कसाव्याच्या (एका कंदाच्या) खळीने नक्षी काढतात आणि ते निळीत बुडवतात, तेच अदिरे. खळ असते तिथे रंग चढत नाही. पुन्हा बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. रंगवणाऱ्या बायका, बाजारात बसून विकणाऱ्याही बायकाच, आणि हे पिढ्यानपिढ्या चाललंय. आमच्या वहिनींची साडी सुरतेहून आली होती, बटन दाबून छापलेली. असो.

आम्ही सहा वर्षं लेगॉसला होतो. पहिल्याच महिन्यात मी बलोगुन मार्केटला गेले. तुळशीबाग घ्या, दहापट करा, वर जनरेटरचा धूर सोडा. एका मामाच्या गाळ्यात छतापर्यंत कापड रचलेलं. (तिथे पोक्त बाईला मामाच म्हणतात, हसू नका.) तिने सहा वारांचा भाव सांगितला. मी तुळशीबागेच्या सवयीने सरळ चौथाई सांगितली. तिने वाद घातला नाही. कापडाची घडी घातली, होतं तिथे ठेवलं आणि डबा उघडून जेवायला बसली. मी तिथे उभीच.

तोपर्यंत मला वाटत होतं, भाव आपण पाडायचा असतो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. तिने ओळखलं. कापड माझ्या हातात देत म्हणाली, "भाव नंतर. काठ आधी बघ." काठावर इंग्रजीत छापलेलं: गॅरंटीड डच वॅक्स, व्लिस्को. (व्लिस्को ही कंपनी.) मग कापड उलटं केलं. दोन्ही बाजूंना रंग तितकाच. रंगवण्याआधी कापडावर मेणासारखी राळ लावतात, तिला तडे जाऊन रंग आत झिरपतो, त्या बारीक रेघा कुठल्याच दोन वारांत सारख्या नसतात. नकली कापड मागून फिकं. मी म्हटलं, मामा, आमच्याकडे पैठणी अशीच उलटी करून बघतात. ती म्हणाली, मग त्या दिवशी का नाही बघितलीस?

काय उत्तर देणार?

आता म्हणाल, ते कापड हॉलंडचंच ना? हो, हॉलंडचंच. इंडोनेशियातल्या जावाच्या बाटिकची, म्हणजे मेण लावून हाताने रंगवलेल्या कापडाची, यंत्रावर केलेली नक्कल डचांनी पश्चिम आफ्रिकेत नेली आणि नफ्याचा मोठा वाटा तिकडेच गेला. मान्य. पण विकलं कोणी? टोगोमधल्या लोमेच्या बायकांनी. एकेका नक्षीचा मक्ता एकेकीकडे. शेजारच्या देशांतले व्यापारी त्यांच्या दारात यायचे. मर्सिडीज घेऊन फिरायच्या म्हणून त्यांचं नावच पडलं 'नाना बेंझ' (नाना म्हणजे तिकडे आई-आजी), आणि सरकारकडे परदेशी पाहुणे आले की गाड्या या बायकांकडून मागून न्यायचे! नक्षीला नावंही बाजारातच पडायची, कारखान्यात नाही. 'माझा नवरा कर्तबगार आहे.' 'सवतीचा डोळा.' 'तू बाहेर पडलास तर मीही बाहेर पडेन.' कुठल्या जाहिरातवाल्याला सुचलंय असलं? पुढे 1994 मध्ये तिथल्या चलनाची किंमत निम्मी झाली, मग चिनी नकला आल्या, 2013 मध्ये लोमेचा बाजारच जळाला. त्या साम्राज्यातलं फार थोडं उरलं. आमच्या मामाची आई लोमेहून माल आणायची, त्यामुळे मामा हे सगळं घरातलं भांडण सांगावं तसं सांगायची.

म्हणून लेगॉसमधल्या चकचकीत दुकानांचं मला कधी नवल वाटलं नाही. व्हिक्टोरिया आयलंडवर रेनी फोलावियोंचं 'अलारा' आहे. बाई मुळात वकील. इमारत नामवंत आर्किटेक्ट डेव्हिड अ‍ॅजायेंनी आखलेली, आत युरोपातल्या बड्या नावांच्या शेजारी आफ्रिकन डिझायनर. खालच्या कोपऱ्यात नाही, शेजारी! ओमोयेमी अकेरेलेही वकीलच, त्यांनी 2011 मध्ये लेगॉस फॅशन वीक सुरू केला. लिसा फोलावियोंनी मामाच्या गाळ्यात मिळतं तेच वॅक्सचं कापड (तिथे त्याला अंकारा म्हणतात) घेऊन त्यावर हाताने मणी टाचले आणि त्याचं नशीब पालटलं. अडेनिके ओगुनलेसींनी आपल्या मुलांसाठी रात्रीचे कपडे शिवले, मग गाडीच्या डिकीतून विकायला लागल्या, त्यातून 'रफ अँड टंबल' ही मुलांच्या कपड्यांची दुकानं उभी राहिली. आपल्याकडे डिकीतून कुर्ते विकणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? "टाइमपास करते हो."

हो, रेनीबाई श्रीमंत घरच्या आहेत. आणि दुकानाबाहेर पाण्याच्या पिशव्या विकणारी पोरं असतात, तेही मी बघितलंय, मलाही टोचायचं. पण मुंबईत पाच लाखांची पर्स विकतात तेव्हा हाच प्रश्न कोणी केळवणात विचारतं का?

आणि 'आफ्रिका आफ्रिका' काय, चौपन्न देश आहेत! नायजेरियातल्याच इग्बो समाजाच्या बायका लग्नाकार्यात जे भारी कापड नेसतात त्याला 'जॉर्ज' म्हणतात आणि ते आपल्या भारतातून जातं. ज्यांच्या अंगावर आपलं कापड आहे त्यांना आपण विचारतोय, कपडे घालता का!

जाऊ दे. वहिनी वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात महिनाभर डबा त्यांनीच दिला. त्यांनी तो बाजार बघितलेला नाही, एवढंच. मी बघितला होता आणि तरी हसले.

लेगॉस सोडायच्या आदल्या आठवड्यात मामाचा निरोप घ्यायला गेले. म्हटलं, ते 'माझा नवरा कर्तबगार आहे' वालं कापड दे. तिने डोळे बारीक करून विचारलं, "आहे का?" मी म्हटलं, ठीक आहे. ती इतकी हसली की शेजारच्या गाळ्यातल्या दोघी उठून आल्या. मग स्टुलावर चढून तिने दुसरंच कापड काढलं, पिंजऱ्यातून उडालेला पक्षी. तू बाहेर पडलास तर मीही. मी काठ बघितला, उलटं करून बघितलं आणि तिने सांगितला तो भाव दिला. नाणेफेक करावी तशी तिने वरून एक सुटा तुकडा माझ्याकडे फेकला, डोक्याला बांधायला.

ते सहा वार अजून ट्रंकेत आहेत. उद्या शिंप्याकडे टाकतेय. मागच्या वेळी त्याने अक्षरं आहेत म्हणून काठ कापून टाकला होता. या वेळी काठ बाहीवर घ्यायला सांगणार आहे, अक्षरं वाचता येतील असा. लग्न पंधरा तारखेला आहे आणि जेवायला मी वहिनींच्या शेजारीच बसणार आहे.