‘शत्रूचा माणूस आपल्यात नको’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, बरं वाटलं. फुटबॉलमधले आपले शत्रू चेल्सी किंवा स्पर्स (टॉटनहॅम) यांचा हुकमी स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा खेळाडू, मिळत असेल तर आपल्या आर्सेनल क्लबने त्याला बेलाशक घ्यावं, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की कालपर्यंत ज्याला शिव्या घातल्या त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लाज वाटली पाहिजे, आपलाच पैसा शत्रूच्या घरात जातो, आणि आपल्याला सोडून युनायटेडला गेलेल्या व्हॅन पर्सीने दिलेला घाव मी सोयीस्करपणे विसरलो.

टाळ्यांचं म्हणाल तर त्या वाजतात. २०२३ मध्ये आघाडीचा खेळाडू हावर्ट्झ चेल्सीकडून आला तेव्हा पैसे पाण्यात गेले म्हणून आपणच बोंब ठोकत होतो. त्याच मोसमात ‘सहा कोटी पौंड पाण्यात गेले, हावर्ट्झने पुन्हा गोल केला’ अशा अर्थाचं गाणं आपलेच लोक स्टँडमधून गात होते. चाहत्यांचा राग गोल होईपर्यंत टिकतो, त्यापुढे नाही.

व्हॅन पर्सी मात्र मी विसरलेलो नाही. उलट त्याच्यावरूनच माझं हे मत बनलं. आपला कॅप्टन, २०११-१२ च्या इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये ३० गोल, करारात एकच वर्ष उरलेलं आणि नव्या करारावर सही करायची तयारी नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये सुमारे २.४ कोटी पौंडांत तो मँचेस्टर युनायटेडला गेला. तिथे पहिल्याच मोसमात लीगचे २६ गोल आणि युनायटेडचं विसावं विजेतेपद. मग २८ एप्रिल २०१३ ला ते आपल्या एमिरेट्स मैदानावर आले. आपल्या खेळाडूंना दोन रांगा करून नव्या विजेत्यांना मानवंदना द्यावी लागली आणि त्या रांगांमधून तो चालत गेला. वर आपण १-० ने पुढे असताना आपला डिफेंडर सान्याच्या चुकीवर पेनल्टी मिळवून बरोबरीही त्यानेच साधली. जिव्हारी लागलं, नाही कशाला म्हणू? पण लागलं ते आपल्याला. त्या दिवशी युनायटेडच्या एखाद्या चाहत्याला लाज वाटल्याचं मला तरी आठवत नाही.

पुढच्या दोन मोसमांत त्याचे लीगमधले गोल १२ आणि १० वर आले आणि २०१५ मध्ये त्याला तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबला देऊन टाकलं, हेही खरं. म्हणजे एका विजेतेपदाची ती किंमत होती. मला विचाराल तर स्वस्तात पडलं.

तुमचा पैशाचा मुद्दा मला खरा वजनदार वाटतो. जानेवारी २०११ च्या शेवटच्या दिवशी चेल्सीने लिव्हरपूलला त्यांच्या स्ट्रायकर टोरेससाठी ५ कोटी पौंड मोजले. टोरेसने साडेतीन मोसमांत चेल्सीसाठी लीगमध्ये २० गोल केले. लिव्हरपूलने मात्र त्याच दिवशी सुआरेझ हा नवा स्ट्रायकर आणला (दुसरा स्ट्रायकर कॅरोल याच्यावर ३.५ कोटी उडवलेही, पण ते सोडा). शत्रूची नवी आघाडीची फळी उभी करायला चेल्सीच्या पैशाचा हातभारच लागला.

फरक इथे आहे. व्हॅन पर्सीच्या वेळी आपले हात दगडाखाली होते; वर्षभराने तो फुकट गेला असता. टोरेसच्या करारात मात्र बरीच मुदत शिल्लक होती, त्यामुळे लिव्हरपूलने मागितली ती किंमत वसूल केली. म्हणून मी आधी करार किती उरलाय ते बघतो, मग वय. शर्टाचा रंग सगळ्यात शेवटी. २०१३ मध्ये आपण सुआरेझसाठी ४ कोटी १ पौंडाची ऑफर दिली (त्याच्या करारात ४ कोटींवरच्या ऑफरची अट होती, म्हणून तो वरचा एक पौंड), तरी लिव्हरपूलने विकायला नकार दिला. त्यांनी ठेवून घेतला, पुढच्या मोसमात त्याने लीगमध्ये ३१ गोल ठोकले आणि आपलं जगभर हसं झालं. तो वरचा एक पौंड मला अजून टोचतो.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘उद्या स्पर्सकडूनही घ्याल का?’ घेतलाय की! सोल कॅम्पबेल डिफेंडर होता, मान्य. पण २००१ मध्ये करार संपवून तो त्यांच्याकडून फुकटात आला. २५ एप्रिल २००४ ला स्पर्सच्याच मैदानावर २-२ अशी बरोबरी साधून आपण लीग जिंकली, तेव्हा तो आपल्या संघात होता. तुमचा नकार खेळाडूच्या वयामुळे किंवा पगारामुळे असेल तर जरूर पुढे बोलू. फक्त तो स्पर्सचा आहे म्हणून नको असेल, तर त्या विजेतेपदाचं काय करायचं तेही एकदा सांगा.